पूजेची बंदूक

दसऱ्याला रावसाहेब शितोळ्यांनी जीपची पूजा केली, बंदुकीची केली, आणि झेंडूची माळ घातलेली ती बंदूक मागच्या सीटवर शेजारी ठेवून सोनं वाटायला निघाले. मान ताठ, मिशी त्याहून ताठ. नळी मात्र ड्रायव्हर निवृत्तीच्या पाठीकडे.

फाट्यावर फौजदार कुंदाबाई वाघचौऱ्यांनी जीप अडवली.

"रावसाहेब, बंदूक गाडीतून न्यायची तर रिकामी करून, पिशवीत बांधून न्यायची."

"कायदा मला शिकवू नका, बाई. परवाना माझा, गाडी माझी. आणि पूजेचं शस्त्र काय पिशवीत कोंबायचं?"

"भरलेली आहे?"

"रिकामी आहे. शितोळ्यांचा शब्द आहे हा!"

बाईंनी बंदुकीला हातही लावला नाही.

"मग झालं तर! फक्त पुढचा रस्ता फार खड्ड्यांचा आहे. तेवढी गाडी तुम्ही चालवा, निवृत्तीला तुमच्या जागी बसू द्या. बंदूक आहे तशीच राहू दे."

रावसाहेब तोऱ्यात उतरले, ड्रायव्हरच्या दारापर्यंत गेले. तिथून माळेआडची नळी समोर दिसली आणि पाय जागीच थबकले.

"थांबा," ते घाम पुसत म्हणाले, "आधी काडतुसं काढतो."

निवृत्तीने मागे वळून नळीकडे पाहिलं.

"मालक, निघताना मी विचारलं होतं. तेव्हाही तुम्ही शब्दच दिला होता."

दर दसऱ्याला रावसाहेब पहिलं सोनं निवृत्तीच्या हातावर ठेवत. त्या दिवशी आपट्याची पानं त्यांच्या खिशातच सुकली.