नाव घालता येणार नाही अशी भेट

“मग नाव कुठं घालू, माय? काठावर की बुडाला?”

वच्छलाबाईनं चांदीची वाटी पुढं धरली होती. धुरपामाय सुपात लसूण सोलत बसली होती. तिनं वाटीकडं पाहिलंच नाही.

काठावर घातलं तर चारचौघांना दिसतं, वच्छलाबाई सांगू लागली. बुडाला घातलं तर घासून घासून झिजत नाही. दोन्हीचा फायदा आहे. माय म्हणेल तिथं घालू.

धुरपामायची मठी सिन्नरच्या बाहेर टेकडीवर. एक खोली, एक चूल, एक घोंगडी. कुणी काही आणून ठेवलं की दिवस मावळायच्या आत ते मागच्या दारानं कुणाच्या तरी घरी गेलेलं असायचं. वच्छलाबाईनं दिलेली समई गेली. परात गेली. दोन सतरंज्या गेल्या. पहिल्यांदा तिला राग आला होता. नंतर ती पेठेत सांगू लागली की मायला माझ्याइतकं कुणी दिलेलं नाही. अकरा वर्षं दर सोमवारी टेकडी चढत होती. आपण मायची खरी चेली, बाकीचे नुसते येऊन-जाऊन, असं तिचं स्पष्ट मत होतं.

बाई कासारांची. पेठेत भांड्यांचं दुकान. नवरा गेल्यावर गादीवर स्वतः बसली. शाळा चौथीपर्यंत, पण भांड्यावर नाव घालायचं मशीन हातात घेतलं की मास्तरांनी मान खाली घालावी असं अक्षर. तालुक्यातल्या कुठल्याही लग्नात आहेराचा हंडा उलटा करून बघा, त्यावरचं नाव वच्छलाबाईच्या हातचं निघणार.

तिच्या नातीला, रेवाला, तिनं जे जे दिलं त्या प्रत्येकावर नाव होतं. खुळखुळ्यावर होतं. दूध प्यायच्या वाटीवर होतं. भातुकलीचा स्टीलचा सेट दिला तेव्हा नखाएवढ्या तव्यावरसुद्धा ‘आजीकडून’ असं कोरलं होतं. वाचायला भिंग लागेल, पण होतं.

आणि आता नाशिकहून सुनेचा फोन आला होता.

रविवारी रेवाचं बोरन्हाण. संक्रांतीच्या दिवसांत लहान पोराला पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा ओतायचा, आणि भोवतीच्या पोरांनी तो लुटायचा. पाच वर्षांपर्यंतच करतात. रेवा चैत्रात पाचाची होणार. म्हणजे हे शेवटचं. सून केतकी म्हणाली होती, आई, तुम्ही या, नक्की या, पण या वेळी वस्तू काही आणू नका. घरात ठेवायला जागा नाही. कपाट उघडलं की खेळणी अंगावर पडतात आणि पोर एकाशीही खेळत नाही.

“म्हणजे रिकाम्या हातानं या, असंच ना?” वच्छलाबाई म्हणाली. “मी काय भीक मागायला चालले का नातीच्या दारात?”

पुण्याची विहीण काहीतरी मोठं घेऊन येणार हे ठरलेलं. मागच्या वर्षी तिनं तीन चाकांची मोटार आणली होती. त्या मोटारीपुढं वच्छलाबाईचं गंगाळ कुणी उचलूनही बघितलं नाही. म्हणून यंदा चांदी. चांदीला कोण नाही म्हणतं? वाटी काय, मुठीएवढी वस्तू, तिला जागा ती किती लागणार?

मायनं विचारलं, “पोर तुझ्याकडं येते का?”

“येते की. मी दारात दिसले की पळत येते.”

“आल्यावर आधी काय बघते?”

वाटी वच्छलाबाईनं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली...

“पिशवी,” ती म्हणाली.

“आणि मग?”

“मग पिशवीतलं काढते. मग जाते.” वच्छलाबाईनं वाटी खाली ठेवली. “अजून मांडीवर बसली नाही माझ्या. चार वर्षं झाली. ती मला आजी म्हणते, पण गर्दीत मला ओळखेल का, ते मला सांगता येणार नाही.”

मायनं लसणाचं सूप बाजूला सारलं. शेजारचा तांब्या उचलला. वच्छलाबाईचा उजवा हात ओढून घेतला, तळवा वर केला आणि त्यावर पाण्याची धार धरली.

“इथं घाल नाव.”

पाणी बोटांमधून गळालं. सालींवर पडलं. वच्छलाबाई बघत राहिली.

“ज्याच्यावर तुझं नाव बसणार नाही,” माय म्हणाली, “असलं काहीतरी दे तिला.”

आणि तिनं सूप पुन्हा पुढं ओढलं.

वच्छलाबाई टेकडी उतरली ती रागातच. म्हातारीला ना लेक ना नातवंड. तिला काय ठाऊक, लोकांच्या देखत हात हलवत जायचं म्हणजे काय होतं ते. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं मायला मनातल्या मनात दोन शब्द सुनावले.

पण डोक्यात ते बसलंच. दुकानात बसून ती एकेका वस्तूकडं बघू लागली. पेल्यावर नाव बसतं. झबल्यावर भरतकाम करता येतं. लाडू द्यावेत तर डबा आला, आणि डबा आला की मशीन आलंच. एका लग्नात तिनं नारळावर रंगानं नाव घातलं होतं, तेही आठवलं. जगात जे म्हणून हातात धरता येतं त्या सगळ्यावर तिचं नाव बसत होतं. इतकी वर्षं तिला याचाच अभिमान होता. आता चार दिवस त्याचीच चीड आली.

शनिवारी सकाळी एक गिऱ्हाईक चांदीची वाटी मागायला आलं. तिनं तीच वाटी काढून दिली. त्यावर कुणा मावशीचं नाव घातलं, तेही सुरेख घातलं, आणि दुकानाला कुलूप लावून ती स्टँडवर गेली.

पिशवीत एक लुगडं, चष्मा, गोळ्यांची पाकिटं. बाकी काही नाही. नाशिक येईपर्यंत तिचे हात मांडीवर काहीतरी चाचपत होते. काय धरावं ते त्यांना कळत नव्हतं.

दुपारी दार रेवानंच उघडलं.

पोरीनं पिशवी घेतली. आत हात घातला. लुगडं काढलं, चष्मा काढला, गोळ्या काढल्या. पिशवी उलटी करून झटकली. मग आजीच्या पाठीमागं जिन्यात डोकावून आली.

“आजी, काय आणलंस?”

“काही नाही.”

रेवानं मान वर केली. आजीच्या तोंडाकडं पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. रस्त्यात कुणी अनोळखी माणूस भेटावं तसं.

“तुझ्या नाकावर तीळ आहे,” ती म्हणाली.

“आहे.”

“कधी आला?”

“मी जन्मले तेव्हा.”

पोरीनं बोट लावून बघितलं. तीळ निघत नव्हता. मग ती म्हणाली, “मग आता काय करायचं?”

वच्छलाबाईनं गॅलरीतून खाली पाहिलं. इमारतीच्या मागं एक मोकळा प्लॉट पडला होता. गवत, विटांचे तुकडे, आणि मध्ये एक बोरीचं झाड. लगडलेलं. इतक्या माणसांच्या वस्तीत त्याला कुणी हात लावलेला नव्हता.

कपडे वाळत घालायची काठी तिनं काढून घेतली. “चल,” म्हणाली.

झाडाखाली रेवाला उभं केलं आणि तिनं फांदीवर काठी मारली. बोरं पोरीच्या डोक्यावर, खांद्यावर, कपाळावर तडतडा पडली. रेवा थिजली. ओठ आता वाकडे होणार असं झालं. वच्छलाबाईनं काठी खाली घेतली. एवढंच उरलं होतं, पोरीला रडवायचं.

मग एक बोर फ्रॉकच्या गळ्यातून आत गेलं आणि पोटावरून घरंगळत खाली निघालं. पोर अशी हसली की वरच्या मजल्यावरच्या दोन बायका गॅलरीत आल्या.

“परत,” ती म्हणाली.

पुढचा सगळा वेळ तेच. परत, परत. वच्छलाबाईनं तिला शिकवलं की हिरवं तुरट लागतं, सगळं लाल झालेलं पिठूळ लागतं, अर्धं लाल अर्धं हिरवं ते घ्यायचं. बी कशी लांब थुंकायची ते शिकवलं. आजीची बी विटांच्या ढिगापलीकडं गेली तेव्हा पोरीनं तिच्याकडं जे बघितलं, तसं तिच्याकडं चांदीच्या ताटानंही कुणाला बघायला लावलं नव्हतं. एक काटा आजीच्या करंगळीत मोडला. तो रेवानं काढला, जीभ दातात धरून.

घाणेरडे पाय घेऊन दोघी वर आल्या. संध्याकाळी जेवताना पोर न विचारता आजीच्या मांडीवर येऊन बसली. वच्छलाबाईनं घास घ्यायचा थांबवला. हलावं की नाही, ते तिला कळेना.

रविवारी बोरन्हाण. अकरा पोरं, त्यांच्या आया, आणि पुण्याहून गाडीनं विहीण, शालिनीताई. तिनं रेवासाठी एक घर आणलं होतं. प्लॅस्टिकचं, रेवापेक्षा उंच, दारं-खिडक्या उघडणारं, घंटा वाजणारं. अजून पेटीतच होतं, तरी अर्धी खोली त्यानं खाल्ली. बायका त्याच्याभोवती फिरून आल्या.

“वच्छलाताई, तुम्ही काय आणलंत?” शालिनीताईनं विचारलं. गोडच विचारलं.

“काही नाही,” वच्छलाबाई म्हणाली.

हे शब्द तिनं उभ्या जन्मात चारचौघांत उच्चारले नव्हते. कान तापले. कुणीतरी तोंडाला पदर लावला. केतकी सासूकडं बघत राहिली. आपण फोनवर बोललो ते या बाईनं खरंच ऐकलं, हे तिला आता कळत होतं.

रेवाला काळा फ्रॉक घातला होता, अंगावर हलव्याचे दागिने, डोक्यावर हलव्याचा मुकुट. तिला पाटावर बसवलं. ताटात चॉकलेटं होती, खोडरबरं होती, बोटाएवढ्या प्लॅस्टिकच्या मोटारी होत्या, आणि तोंडी लावण्यापुरती बोरं. केतकीनं ताट उचललं.

रेवा पाटावरून उठली.

“इथं नाही,” ती म्हणाली. “झाडाखाली. आजी पाडते.”

बापानं समजावलं. शालिनीताईनं घराची घंटा वाजवून दाखवली. पोर जागची हलली नाही. वच्छलाबाईच्या जिभेवर शंभर गोष्टी आल्या होत्या. ती एकही बोलली नाही. अख्ख्या आयुष्यात तिला इतकं जड काही गेलं नव्हतं...

केतकीनं ताट खाली ठेवलं. गॅलरीत गेली आणि कपडे वाळत घालायची काठी घेऊन आली.

“चला,” ती सासूला म्हणाली.

दोन जिने वरात उतरली. अकरा पोरं, आया, रेवाचा बाप, आणि निऱ्या उचलून धरलेली पैठणीतली विहीण. वच्छलाबाईनं पहिला फटका मारला. मुकुटावर, काळ्या फ्रॉकवर, बारा पोरांच्या डोक्यांवर बोरांचा मारा झाला. पोरं गवतात पालथी पडली. ओटीत भरली, खिशात कोंबली, तोंडात घातली. दुसऱ्या फटक्याला आयाच पुढं घुसल्या.

तिसऱ्या फटक्याच्या वेळी वच्छलाबाईनं पाहिलं, शालिनीताई लांब विटांजवळ एकटी उभी होती. पैठणी सावरत. हातात काही नव्हतं आणि त्या हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं.

वच्छलाबाईनं ते हात ओळखले. तिनं काठी तिच्या पुढं केली.

शालिनीताईनं आधी हळूच टोचल्यासारखं केलं. मग दोन्ही हातांनी हाणलं. एक बोर तिच्याच अंबाड्यात जाऊन अडकलं. रेवा ओरडली, “परत, पुण्याची आजी, परत,” आणि ती बाई पदर खोचून उभी राहिली.

अंधार पडायच्या आत झाड रिकामं झालं होतं. घरात उरल्या त्या बशीभर बिया. त्या केतकीनं गॅलरीतून प्लॉटात टाकून दिल्या. पुण्याचं घर पेटीसकट त्याच गाडीतून पुण्याला परत गेलं. तसं शालिनीताईच म्हणाली, इथं कुठं ठेवता, आमच्या वाचनालयाच्या पोरांना देते.

सोमवारी दुपारी वच्छलाबाई टेकडी चढली. दम लागला तरी थांबली नाही. धुरपामाय जोंधळे निवडत होती.

वच्छलाबाईनं सगळं सांगितलं. फ्रॉकमधलं बोर सांगितलं, करंगळीतला काटा सांगितला, अंबाडा सांगितला. सकाळी स्टँडपर्यंत पोरीनं बोट सोडलं नाही आणि एसटीला टेकून उभी राहिली, कंडक्टरनं बाजूला केली तेव्हा हलली, हे सांगताना तिला मध्ये थांबावं लागलं.

मायचे दाणे निवडणं चालूच होतं. एकदा तिनं वर पाहिलं. मग पुन्हा खाली.

“विहिणीनं मला मिठी मारली, माय. सून म्हणाली, आई, तुम्ही आठ दिवस राहायला या.” वच्छलाबाईनं डोळे पुसले आणि छाती पुढं काढली. “मी जिंकले.”

मायनं एक खडा वेचून बाजूला टाकला.

“पोर म्हणते, कालव्याकडं चिंचेचं झाड आहे, ते पाडायला चल. उद्याच ये म्हणते. मी म्हटलं, बघते. आधी मायला सगळं सांगते, तिचा आशीर्वाद घेते, दोन दिवस इथं तुझ्या पायाशी बसते, मग बघते.”

मायचा हात जोंधळ्यावर थांबला.

“एसटी किती वाजता आहे?”