लवूची तीन काडतुसं

खाडीकाठच्या एका गावात लवू नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा हा त्याच्या आईचा शब्द. बाकी गाव दुसराच शब्द वापरायचं.

लवूच्या मळ्यातली कलिंगडं दरवर्षी कोल्हे खायचे. त्याला कंटाळून बायको सुगंधा माहेरी निघाली. जाताना म्हणाली, "आठवड्याने बाबांना घेऊन येते. कलिंगडं राखलेली दिसली तर राहीन, नायतर कायमची गेले समजा."

लवू हादरला. बायकोवर त्याचा फार जीव होता. तो धावत भिकूमामांकडे गेला. मामांनी आपली रायफल दिली आणि करंगळीहून बारीक तीन काडतुसं दिली.

"एवढीशी?" लवू म्हणाला.

"कोल्ह्याला एक पुरे."

लवूने बांधावर केळीची तीन पानं मांडली. प्रत्येक पानावर एकेक काडतूस वाढलं. सकाळी पाहतो तर दहा कलिंगडं फस्त, काडतुसं जशीच्या तशी.

"मामा, एकानेही तोंड लावलं नाय!"

"मेल्या, काडतूस रायफलीत घालून चाप ओढायचा! आणि नळीसमोर कुणी असलं तर अजिबात ओढायचा नाय. समजलं?"

समजलं. संध्याकाळी कोल्हे आले. लवूने नळी रोखली. समोर कोल्हा. लवू थांबला. नळी डावीकडे नेली. तिथे दुसरा कोल्हा. शेवटी समोर कुणीच नाही अशी एक जागा सापडली. तिथे कलिंगडांचा ढीग होता. लवूने चाप ओढला.

मामांनी कपाळ बडवून घेतलं. "अरे, कोल्हा समोरच हवा! आता एकच ध्यानात ठेव. जो कलिंगड खाईल तो कोल्हा. बाकी डोकं चालवू नकोस."

हे मात्र लवूला जमण्यासारखं होतं.

रायफलीच्या आवाजाने कोल्हे पुन्हा फिरकलेच नाहीत. आठवड्याने सुगंधा आणि सासरे आले. मळा बघून सासऱ्यांनी मान डोलावली. सुगंधा लाजून हसली. सासरे बांधावर टेकले, एक कलिंगड मांडीवर घेऊन फोडलं आणि फोड तोंडाला लावली.

लवू पुढे झाला. रीतीप्रमाणे आधी सासऱ्यांच्या पाया पडला. मग दहा पावलं मागे गेला आणि चाप ओढला.

लवूचा नेम तो. गोळी कलिंगडात घुसली. सासरे लालेलाल होऊन उठले, लेकीचा हात धरला आणि धोतर सावरत जे सुटले ते खाडीपार.

लवू रडत मामांकडे आला.

"काय रे? कोल्हा आला नाय?"

"आला. पळवलासुद्धा. पण मामा, जाताना तो माझी बायको घेऊन गेला!"