सांध्यातला चीक

कलमं बांधणारा एक म्हातारा होता एकदा, समुद्राकाठच्या एका डोंगरउताराच्या गावात. त्याला सगळे तात्या म्हणत. आसपासच्या कितीतरी बागा त्याच्या हातच्या, पण त्याच्या बोलण्यात त्याचा कुठे उल्लेख यायचा नाही. त्याच्या खिशात एक घडीचा चाकू कायम असे. शिसवी मूठ, आणि पातं दुमडलं की मुठीच्या पोटात गडप. तात्या तो फारसा बाहेर काढत नसे. काढला, की कुठल्यातरी रोपाचं भाग्य उघडलं असं समजावं.

त्याच्या हाताखाली यशवंत नावाचा शिष्य होता. शिष्य म्हणजे कुणी पोरगेलासा नव्हे, चांगला लेकुरवाळा माणूस. आधी होड्या रंगवायचा, दर्याची हवा मानवेना म्हणून झाडांकडे वळलेला. तात्याने बराच काळ त्याच्या हाती फक्त कोयता दिला. आळी कर, सुकल्या फांद्या तोड, कुंपण घाल. मग एका दसऱ्याला, हत्यारांची पूजा झाल्यावर, तात्याने पाटावरचा एक कोरा घडीचा चाकू उचलला आणि यशवंताच्या हातावर ठेवला.

"हा कोयता नव्हे, एवढं ध्यानात ठेव," तात्या म्हणाला.

यशवंताला मनातून हसू आलं. कोयता नव्हे हे तर आंधळ्यालाही चाचपून कळेल.

पण खरं सांगायचं तर त्या चाकूने त्याच्यावर मोहिनीच घातली. कोयता कमरेला आकडीत अडकवावा लागे, बसताना टोचे, देवळात जाताना बाहेर ठेवावा लागे. हा खिशात असून नसल्यासारखा. झाडावर चढताना मांडीला लागत नाही, लेकराला कडेवर घेतलं तरी भीती नाही. एकदा गोठ्यात वासराच्या गळ्याला दावं आवळलं, त्याचे डोळे पांढरे झाले. घरातली माणसं विळी आणायला आत धावली, तोवर यशवंताने चाकू उघडून दावं कापलंसुद्धा. त्या दिवसापासून गावाला सवयच लागली. पायात काटा मोडला, बोलवा यशवंताला. पोत्याची शिवण उसवायची आहे, उसाचं कांडं सोलायचंय, यशवंता, काढ रे तुझा चाकू. रंगाच्या डब्याचं झाकण निघेना तेव्हा त्याने पात्याचं टोक घालून तेही उचकटलं. पातं जरा डुगडुगायला लागलं. यशवंताने मनावर घेतलं नाही. धार तर शाबूत होती.

अशात अनसूयाकाकूंचा निरोप आला. काकूंच्या परसात एक रायवळ आंबा होता, त्यांच्या सासूने कोय पुरून लावलेला. त्याचा रस थोडा आंबूस, थोडा बडीशेपेच्या वासाचा. तसा आंबा त्या उतारावर दुसऱ्या कुठल्या झाडाला नव्हता. काकूंची मुलं त्यावर वाढली, नवऱ्याच्या अखेरच्या दुखण्यात दुसरं काही घशाखाली उतरेना तेव्हा तोच रस उतरला. आता खोडाला भिरूड लागली होती. किड्याने आतून भुसा केला होता, झाड एकेका अंगाने वाळत चाललं होतं, आणि एकच फांदी हिरवी होती. रायवळ आंब्याची कोय लावली तर झाड येतं, पण आंबा तोच येईल असं कुणी सांगावं? तो आंबा राखायचा तर त्या फांदीची काडी घेऊन दुसऱ्या रोपावर कलम बांधायला हवं होतं, आणि तेही लगेच.

तात्या आणि यशवंत रोपांची टोपली घेऊन गेले. यशवंताने चढून काड्या काढल्या. कलमाजोग्या, फुगल्या डोळ्याच्या, अशा जेमतेम चार मिळाल्या. तात्याने त्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि म्हणाला, "आज बांधायचं काम तुझं. मी नुसत्या पट्ट्या गुंडाळतो."

यशवंताचा ऊर भरून आला. एवढ्यात काकू पडवीत पिकला फणस घेऊन आल्या. दारी आलेल्याला रित्या तोंडाने कसं पाठवायचं? कोयता शेजारी गेला होता. काकू म्हणाल्या, थांबा, मागवते. यशवंत म्हणाला, कशाला मागवता, आणि त्याने चाकू काढला. पात्याला खोबरेल चोळलं, हाताला चोळलं, फणस फोडला, गरे काढले. सगळ्यांनी खाल्ले. चीक पात्यावर राहिला तो पुन्हा तेलाच्या बोटाने पुसला, चाकू मिटला आणि खिशात टाकला. तात्या पाहत होता.

मग कामाला बसले. यशवंताने सगळ्यात जाड काडी निवडली. चाकू उघडताना जरा जड गेला. फणसाचा चीक सांध्यात उतरून घट्ट झाला होता, त्यामुळे पातं पुरतं उघडलंच नव्हतं. दिसायला उघडं, आतून अर्धवट. काडीला पाचरीसारखा तिरपा छेद द्यायला त्याने जोर लावला, आणि पातं मागे फिरून त्याच्याच बोटावर मिटलं. काडी उभी चिरली. रक्ताचे थेंब फडक्यावर पडले.

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. चारातली एक गेली, तीही उत्तमातली. त्या तात्याकडे वळल्या. "तात्या, तुमचा चाकू काढा आता. तुमच्या हाताने बांधा."

तात्याने खिशात हात घातला. यशवंताने मान खाली घातली. त्याला वाटलं, संपलं. आज हा चाकू तात्या परत मागून घेईल, आणि आपण पुन्हा कोयत्यावर.

तात्याने हात खिशातून रिकामाच काढला. तो म्हणाला, "माझा आज मिटलेलाच राहील. उरलेल्या काड्या यशवंतच बांधेल, त्याच्याच चाकूने. वहिनी, तुमची हरकत नसेल तर."

"काड्या माझ्या झाडाच्या आहेत," काकू म्हणाल्या. "शिकवणी दुसऱ्याच्या झाडावर घ्या."

"दुसऱ्याच्या झाडावर शिकेल, पण इतकं नाही."

बोट दाबून बसलेल्या यशवंताकडे काकूंनी पाहिलं. मग आत जाऊन हळदीची वाटी आणली, ती त्याच्यापुढे ठेवली आणि तुटकपणे म्हणाल्या, "आधी हळद लाव. रक्ताने कलम धरत नाही." आणि चुलीवर पाणी ठेवायला वळल्या. ते त्यांचं हो होतं.

तात्याने सांगत जावं, यशवंताने करत जावं, असं चाललं. आधी सांध्यात खोबरेल सोडून चीक सुटा करायचा. करवंदीच्या काट्याने तो कोरून काढायचा. मग ते तेलही जायला हवं, कारण तेलकट पात्याने कापलेल्या काडीला रोपाचा रस चिकटत नाही. म्हणून रिठ्याचं कढत पाणी, मग चुलीची ऊब. शेवटी सांध्याचा खिळा पाट्यावर टेकवून वरवंट्याने हलके ठोके, डुगडुग जाईपर्यंत. कामाला वेळ लागला, पण फडक्यातल्या काड्या ओल्या होत्या.

हात चालू असताना यशवंत म्हणाला, "तात्या, कोयताच बरा. त्याचं असं काही होत नाही."

तात्या हसला. "कोयत्याला सांधा नाही, म्हणून तो दणके सोसतो. पण त्याला कुणी लेकराजवळ नेत नाही. हा आपली धार आपल्याच पोटात घेऊन दिवसभर माणसाच्या अंगाशी राहतो आणि कुणाला ओरखडा काढत नाही. वासरू वाचलं ते हा जवळ होता म्हणून. हा गुण त्याला सांध्याने दिला. कच्चेपणही त्याच सांध्याने दिलं. जवळ आहे म्हणून तू त्याला सगळ्याच कामाला जुंपलास, झाकणालाही आणि फणसालाही. तो नाही म्हणाला नाही. आज म्हणाला." मग त्याने फडक्यातल्या काड्यांकडे बोट दाखवलं. "आणि आपण बांधतो ते तरी काय आहे, यशवंता? सांधाच ना? वारा आला की कलम मोडतं तिथेच, आणि रस चढतो तोही तिथूनच."

यशवंताने विचारलं, "मग तुमचा चाकू का नाही काढलात?"

"काढला असता तर कलमं झाली असती. पण तू हा चाकू पुन्हा भरवशाने उघडला नसतास. माझे हात आता किती दिवसांचे? वहिनींच्या काड्या वाचवायच्या, आणि त्या बांधणाराही वाचवायचा होता."

यशवंताने पातं उघडलं. टक् असा स्वच्छ आवाज आला. त्याने पाचर तासली, रोपाचा शेंडा छाटून मधोमध चीर दिली, काडी बसवली, तात्याने पट्टी गुंडाळली. मग दुसरी. मग तिसरी. एवढा वेळ काकू पडवीच्या खांबाला धरून उभ्याच होत्या.

त्या तिनातलं एक वाळलं. दोन धरली. तांबूस, लवलवती पानं फुटली तेव्हा काकूंनी स्वतः यशवंताच्या घरी येऊन त्याला बोलावून नेलं. त्याने पट्टी सोडली. काडी आणि रोप जिथे जुळली होती तिथे गाठ आली होती. त्याने अंगठ्याने दाबून पाहिली. सबंध खोडात तीच जागा सगळ्यात जाड, सगळ्यात टणक झाली होती.

पुढच्या हंगामात परसातला जुना आंबा आडवा झाला, पण काकू रडल्या नाहीत. त्यांनी यशवंताला बोलावलं, पडवीत फणस मांडला, आणि शेजारी धार लावून आणलेला कोयता ठेवला.

"हा घे," त्या म्हणाल्या. "तुझा मिटलेलाच राहू दे."

यशवंत हसला, कोयता उचलला, आणि फणसाला हात घालण्याआधी नकळत खिसा चाचपून पाहिला.

सांधा असलेल्या वस्तूला, आणि सांधा असलेल्या माणसाला, कच्चं म्हणण्याआधी आत चीक तर नाही ना गेला, एवढं पाहावं.