जागा!

नदीकाठच्या एका गावात एक कॉलेज होतं. परीक्षेच्या निकालात त्याचं नाव फारसं येत नसे, पण फुटबॉलमध्ये ते सगळ्यांना ठाऊक होतं. संघाचा कप्तान हंबीर बचावाला उभा राहायचा. पाय मजबूत, नजर चांगली, अंगानं असा रुंद की समोरच्याला गोल दिसायचाच नाही. खोड एकच. चूक झाली की ती कुणाची, हे तिथल्या तिथे ठरवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आणि ती त्याची स्वतःची कधीच नसे.

गेल्या वर्षी अंतिम सामन्यात त्यांची गाठ पठारावरच्या कॉलेजशी पडली. पठारावरची पोरं चेंडूला थांबूच द्यायची नाहीत. शिट्टी वाजली की नदीकाठची पोरं घाम पुसायची आणि एकमेकांवर खेकसायची. पठारवाले तोवर पुन्हा खेळायला लागलेले असायचे. सामना बरोबरीत होता. हंबीर गोलरक्षक इलाहीकडे वळला आणि ‘पुढं का नाही आलास?’ म्हणून हात नाचवत त्याला झापू लागला. तेवढ्यात पठारवाल्यांनी फ्री किक मारली. चेंडू हंबीरच्या पाठीमागून जाळीत गेला आणि विजेत्यांची ढाल पठारावर गेली.

हंबीर आणि इलाही लहानपणापासूनचे दोस्त, एका सायकलवर कॉलेजात येणारे. त्या दिवसापासून दोघं वेगवेगळे येऊ लागले. ‘गोल इलाहीनं खाल्ला,’ असं हंबीर भेटेल त्याला सांगायचा. इलाही कुणालाच काही सांगायचा नाही.

यंदा अंतिम सामन्यात पुन्हा पठारवालेच समोर आले. हंबीरचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. ढाल परत आणायचीच, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

“सर, पोरांना अजून पळवा,” तो संघाला शिकवणाऱ्या थोरवत सरांना म्हणाला. “आपण वेगात कमी पडतो.”

“तुमचे पाय हळू नाहीत,” सर म्हणाले. “तुमची तोंडं लवकर सुटतात.”

दुसऱ्या दिवसापासून सरांनी सरावाची तऱ्हाच बदलली. सायन्सच्या पोरांचा एक गट केला, कॉमर्सच्या पोरांचा दुसरा. हंबीर-इलाहीच्या बचावावर आधी सायन्सनं चढाई करायची. चेंडू बाहेर गेला की ते बाजूला, आणि त्याच क्षणी कॉमर्सवाले दुसरा चेंडू घेऊन अंगावर. मग पुन्हा सायन्स. दम खायलाही उसंत नाही. पहिल्या दिवशी तर नुसती दाणादाण उडाली. जाळीतल्या चेंडूवरून बचावातले कुणी दोघं भांडत असायचे आणि दुसरा चेंडू त्यांच्या मधून आत जायचा.

“लांबलचक सूचना नकोत,” सर म्हणाले. “एक शब्द ठरवा. पुढचा चेंडू यायच्या आत तो संपला पाहिजे.”

आता शब्द कोणता, यावरूनही पोरं भांडली. ‘चला’ म्हणावं की ‘परत’, यात अर्धी संध्याकाळ गेली.

शेवटी शब्द सापडला तो भांडणातूनच. हंबीर मैदानाच्या मध्यावर कमरेवर हात ठेवून कुणाला तरी फैलावर घेत होता. कॉमर्सवाले निघालेले पाहून गोलातून इलाही ओरडला, “जागा!”

हंबीरच्या डोक्यात सणक गेली. तो तरातरा गोलापाशी आला. “मला माझी जागा दाखवतोस व्हय रं?”

त्याचं वाक्य संपायच्या आत कॉमर्सचा चेंडू दोघांच्या शेजारून जाळीत गेला.

“तुझी जागा मोकळी होती, हंबीर,” सर म्हणाले. “तीच दाखवली त्यानं.”

हंबीरनं वळून पाहिलं. इलाहीच्या शेजारी उभं राहून तो पहिल्यांदाच मैदान पाहत होता. जिथं त्यानं असायला हवं होतं तिथं नुसतं गवत होतं, आणि तिथून गोलापर्यंत अडवायला कुणीच नव्हतं. गेल्या वर्षी इलाहीला हेच दिसलं असणार. हंबीरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो जाऊन आपल्या जागेवर उभा राहिला.

संघाचा शब्द ठरला तो असा. आपली जागा घ्या आणि जागे राहा, ही दोन्ही कामं त्या एकाच शब्दात होत. रोज संध्याकाळी दोन्ही गट अंगावर यायचे, इलाही ओरडायचा आणि हंबीर जिभेवर आलेलं गिळून पळायचा. पळणं सोपं होतं, गिळणं अवघड. पण त्यानं जिद्द सोडली नाही.

सामन्याच्या दिवशी पठारवाले पूर्वीसारखेच सुटले. पण शिट्टी वाजली, ‘जागा!’ झालं, की प्रत्येक जण आपल्या ठिकाणी. त्यांना शिरायला फटच सापडेना. उत्तरार्धात नदीकाठच्यांनी एक गोलही केला.

सामना संपत आला असताना एक उंच चेंडू इलाहीच्या हातात आला, आणि निसटला. चूक त्याचीच होती, साऱ्या मैदानानं पाहिली. हंबीरनं कसाबसा चेंडू बाहेर तडकावला. इलाही तोंडावर पडलेला. पठारावरचा एक जण कॉर्नरला चेंडू ठेवूनही मोकळा झाला होता. हंबीरच्या जिभेवर गेल्या वर्षीचे सगळे शब्द तयार होते. इलाहीला ओरडता येत नव्हतं.

“जागा!” हंबीर ओरडला आणि गोलरेषेवर जाऊन स्वतः इलाहीच्या जागी उभा राहिला. चेंडू आला तो थेट त्याच्या छातीवर आदळला. त्यानं तो पायानं दूर तडकावला. पुढची शिट्टी सामना संपल्याची होती.

ढाल हातात आल्यावर इलाही मान खाली घालून त्याच्यापाशी आला. “हातातला चेंडू सोडला मी. बोल आता, काय बोलायचं ते.”

हंबीरनं मनात शोधून पाहिलं. राग कुठंच नव्हता. “गेल्या वर्षीचा गोल तू नव्हता खाल्लास,” तो म्हणाला. “माझी जागा मोकळी होती.”

इलाहीनं मान वर केली. मग म्हणाला, “सायकल आणलीयस का?”

“आणलीय.”

“मग तू चालव. ढाल मी धरतो.”

तात्पर्य: संकट वेगानं चालून येतं तेव्हा चूक कुणाची हे शोधत बसू नये, आधी आपली जागा घ्यावी. चुकीचं नंतर बघता येतं, आणि तेव्हा सुरुवात स्वतःपासून करावी.