सरजाबाईचे दिव्य

बालाघाटच्या उतारावर बोरदरा नावाचे लहानसे गाव होते. गावापासून हाकेच्या अंतरावर, ओढ्याकाठच्या महादेवाच्या देवळात श्रीओंजळनाथ महाराज एक चातुर्मास राहिले. महाराज जवळ भांडे बाळगीत नसत. जे मिळेल ते ओंजळीत घेत, म्हणून लोकांनी हे नाव दिले. देवळाचे गुरव गंगारामबाबा तेव्हा त्यांच्या सेवेत होते. पुढील हकीकत त्यांच्याच तोंडची आहे.

बोरदऱ्यात सरजाबाई नावाची विधवा सुईण राहत असे. गावातली निम्मी माणसे तिच्या हातांवर जन्मलेली. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालावे, पाचवीला पाटा-वरवंटा मांडून सटवाई पुजावी, लुगडे दिले तर घ्यावे, न दिले तर मागू नये, अशी ती बाई. तिची स्वतःची तीन मुले मात्र पाळण्यातच गेली. चौथ्याला तिने जन्मताच उकिरड्यावर ठेवले आणि परके पोर उचलावे तसे उचलून घरात आणले. टाकून दिलेल्याकडे मरण बघत नाही, अशी समजूत. नाव ठेवले कचरू. तो जगला, मोठा झाला, बायकापोरांचा झाला. सरजाबाई रोज दिवेलागणीला देवळात येई, महाराजांपुढे डोके टेकवी आणि परत जाई. मागणे काही नसे.

गावचा भगत सुकदेव तिला भर रस्त्यात हसे. "अंगात येत न्हाई, कौल लावत न्हाई, अंगारा देत न्हाई. असला कसला गं तुझा म्हाराज? नुस्ता मागून खातो!"

"आसू दे बाबा," म्हणून ती पुढे जाई.

त्या श्रावणात गावात ताप शिरला. पंधरा दिवसांत सात मुले गेली. पाटलांचा नातू गेला. कचरूची दोन वर्षांची मुलगीही गेली. सुकदेवाने वेशीवर उतारे टाकले, कोंबडी कापली, गावाभोवती दुधाची धार धरली. ताप हटेना. लोक आता त्याच्याकडेच वाकड्या नजरेने पाहू लागले. तेव्हा त्याने गाव जमवून मरीआईपुढे उडीद टाकले आणि घुमत घुमत म्हणाला, "खाणारी गावातच हाय! जी पोरं जगात आणती, तीच वापस न्हेती!"

नाव घ्यायची गरज उरली नाही. तरी पाटलांनी विचारले, "कुणी डोळ्यांनी काही पाहिलंय का?"

मग कचरू उठला. आईकडे न बघता म्हणाला, "माझ्या पोरीच्या कपाळावरून हिनं हात फिरवला. पाणी पाजलं. सकाळी पोर गार."

सरजाबाई एवढेच म्हणाली, "कचरू, ती माझी नात व्हती रं."

दिव्य ठरले. दुसऱ्या दिवशी दुपारी मरीआईच्या ओट्यासमोर तीन दगडांवर कढई चढली. तेल उकळू लागले, तसे सुकदेवाने त्यात लोखंडी कडे सोडले. कडुनिंबाची डहाळी टाकून पाहिली. ती तडतडून काळी पडली. "काढ कडं. खरी आसशील तर देवी राखंल."

सरजाबाईने देवळाच्या दिशेला हात जोडले. "महाराज, तुमीच," एवढे शब्द तिच्या तोंडून निघाले आणि तिने कोपरापर्यंत हात आत घातला.

त्याच घटकेला देवळात महाराज जेवायला बसले होते. गंगारामबाबा ओंजळीत भाकरी घालणार, तोच महाराजांनी उजवा हात ताडकन समोर रिकाम्या जागेत खुपसला. चेहरा काळवंडला, ओठ दाताखाली गेले, पण हुंकारही नाही! गुरवांच्या डोळ्यांदेखत कोपरापर्यंत फोड उठले.

"महाराज! हे काय झालं?"

"चल गावात. तिचा हात वाचलाय," महाराज म्हणाले, "ती अजून वाचलेली नाही."

तसेच घडत होते. सरजाबाईने कडे काढून ओट्यावर ठेवले होते. हातावर साधा डाग नव्हता. कुणीतरी देवीचा जयजयकारही सुरू केला, पण सुकदेव ओरडला, "आरं, साध्या माणसाचा हात भाजला नसता का? चेटकीण हाय म्हणूनच भाजला न्हाई!"

अरेरे! खरी ठरली तरी खोटीच! जयजयकार करणाऱ्यांनीच दगड उचलले. कचरू मान खाली घालून उभा राहिला. पहिला दगड तिच्या कपाळावर बसला तेव्हाही त्याने वर पाहिले नाही.

इतक्यात गर्दीतून महाराज आत आले आणि तिच्यापुढे उभे राहिले. त्यांनी हात वर केला. कातडी सोलून लोंबत होती.

"तुम्हाला भाजलेला हात हवा होता ना? हा बघा."

"चुलीत घालून आला आसशील!" सुकदेव हसला.

महाराजांनी तळहात उघडला. मधोमध कड्याचे लालभडक वर्तुळ उमटले होते. पाटलांनी ओट्यावरचे कडे चिंध्यांत धरून त्यावर टेकवले. तंतोतंत बसले.

सुकदेवाचे हसू तोंडातच सुकले. "चुकलो म्हाराज! आपला भगतपणा जाईल म्हणून म्या हिचं नाव घेतलं," म्हणत तो महाराजांच्या पायांवर कोसळला. महाराजांनी पाय काढून घेतले.

"माझे नकोत. तिचे धर."

लोकांच्या हातांतले दगड गळून पडले. पाटलांनी पागोटे काढले. कचरू रडत आईच्या पायांशी वाकला. तिने पदराने कपाळाचे रक्त पुसले आणि म्हणाली, "ऊठ. घरी जा. सून एकटी हाय."

मग ती महाराजांकडे वळली. "महाराज, आज तुमी व्हतात. माझा हात भाजला आसता, तर मी चेटकीण ठरले आसते ना?"

महाराजांचे डोळे भरून आले. "ठरली असतीस, बाई. लोकांच्या मनातलं एवढं मला नाही पुसून टाकता आलं."

ती घरी गेली नाही. महाराजांच्या हाताला कोरफडीचा गर लावून त्यांच्याबरोबर देवळाकडे चालू लागली, आणि पुढे मरेपर्यंत तिथेच राहिली. ताप गावात आणखी महिनाभर होता. ज्यांनी बोलावले त्यांच्या दारी ती गेली, पण कुणाच्या घरचे पाणी प्याली नाही.

सुकदेव त्या दुपारी ती उभी होती त्या जागी, तिच्या पावलांच्या ठशांवर कपाळ टेकून पडून राहिला. गाव पांगले. त्याला ऊठ म्हणायला कुणी थांबले नाही.