बरोबर उत्तर

फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका वीटभट्टीवर सात गाढवं विटा वाहत असत. त्यांची एक रीत होती. एखाद्याचा पाय लटपटला की सगळी जागच्या जागी उभी राहत आणि त्याचं ओझं कमी होईपर्यंत हलत नसत. मालक चरफडायचा, पण सातही जणांना एकदम हाकणं त्याला जमत नसे. ही रीत पडण्याआधी वाटेत पडलेल्या ज्या गाढवांना त्यानं नाल्यापलीकडे नेलं, त्यांतलं कुणी परत आलं नव्हतं.

एके दिवशी मालकानं गाढवांची अक्कल तपासायला कोल्ह्याला बोलावलं. कोल्ह्यानं प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "वाटेत सोबती पडला तर काय करशील?"

सहा जण म्हणाले, "थांबेन." भुरा तेवढा म्हणाला, "वळसा घालून पुढे जाईन."

कोल्ह्यानं भुऱ्याच्या कपाळावर गेरूचा पट्टा ओढला. "हा एकटाच हुशार. बाकीच्यांची महिन्यानं पुन्हा परीक्षा."

"तेव्हाही नापास झालो तर?" म्हाताऱ्या ठिपकीनं विचारलं.

मालकानं नुसतं नाल्याकडे पाहिलं.

सहाही जणांनी महिनाभर भुऱ्याचं उत्तर घोकलं. दुसऱ्या परीक्षेत सगळ्यांना पट्टे मिळाले.

चारच दिवसांनी चढावर भुऱ्याचा पाय मुरगळला आणि तो विटांसकट खाली बसला. "थांबा रे," तो म्हणाला.

मागून ठिपकी आली. "थांबलो तर आम्हालाही नेईल रे बाबा," ती पुटपुटली आणि वळसा घालून पुढे गेली. तिच्यामागून बाकीची पाचही गेली.

भुऱ्यानं मान वळवली. चढाखालून मालक दोर घेऊन सावकाश येत होता. आता त्याला कसलीच घाई नव्हती.