कातळधारेवर गोमाजीला सांभाळले

आनोबा महाराज उतारवयात घाटमाथ्याखालच्या वाकणोली गावी येऊन राहिले. इथंच का, असं कुणी विचारलं तर म्हणत, "पाणी गोड आहे आणि माणसं भांडखोर आहेत. दोन्ही सोयीचं." मारुतीच्या देवळाच्या ओवरीत त्यांची घोंगडी पसरलेली असे. देवळाची झाडलोट करणारी म्हातारी भागाई सकाळी त्यांना भाकरी आणून देई. मठ नाही, गादी नाही, शिष्यांचा ताफा नाही. त्यामुळे आपल्या दारात कोण बसलं आहे, हे वाकणोलीला कळायला फार दिवस लागले. आपलं असंच असतं मंडळी. संत लांबच्या गावचा असला की आपण गाड्या जुंपून जातो, आणि शेजारी बसला तर त्याला भाकरीचा भाव विचारतो.

गावाच्या डोक्यावर डोंगर, आणि डोंगराच्या टोकाला सुळक्यावर धारजाईचं ठाणं. माथ्यापर्यंत चढायला काही अवघड नाही, तिथवर गुरं चरतात. पण माथ्यावरून देवीकडे जायला एकच वाट, ती कातळधार. हातभर रुंदीचा उघडा कातळ, डावीकडे दरी, उजवीकडे दरी. धरायला झुडूप नाही. समोरून कुणी आलं तर एकानं मागं फिरायचं, बाजूला होण्याची सोयच नाही.

चैत्री पौर्णिमेला देवीच्या स्नानाची घागर आणि दिव्याचं तेल या धारेवरून न्यायचं, आणि तेही ताठ उभ्यानं चालत, अशी गावची रीत. धारेवर ज्याचा हात कातळाला टेकला त्याची सेवा देवीला चालत नाही, देवी कोपते, असं सगळे मानत. हात टेकला की तिथूनच परतायचं आणि वर्षभर गावाची थट्टा सोसायची. ही रीत देवीनं घातली असेल असं मला तरी वाटत नाही. घागरीचा मान मोकाशांच्या घराण्याकडे होता, आणि रीत राखायचं कामही त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं.

त्या वेळचे मोकाशी म्हणजे रायाजीराव. धिप्पाड गडी, मिशीला पीळ, चालणं असं की रस्त्यानं बाजूला व्हावं. माणूस वाईट नव्हता. दुष्काळात यांनीच गावाला धान्य वाटलं होतं. पण वर्षानुवर्षं खांद्यावर घागर घेऊन धार ओलांडली आणि एकदाही हात टेकला नाही, याचा त्यांना फार ताठा होता. ताठा एकदा मानेत शिरला की मान देवापुढेही वाकत नाही.

आणि आमचा गोमाजी तेली? कडब्याच्या गंजीवर चढला तरी त्याला भोवळ यायची. देवीच्या दिव्याचं तेल त्याच्या घाण्याचं. उपास धरून, अंघोळ करून, बैलाला कुंकू लावून तो ते तेल गाळायचा आणि दुसऱ्याच्या हाती द्यायचा. आपल्या हातानं ते देवीच्या समईत ओतावं एवढी एकच इच्छा त्याला होती. एका वर्षी त्यानं धीर केला. चार पावलं गेला, दऱ्या गरगर फिरायला लागल्या, आणि तो कातळावर पालथा पडला. तसाच रांगत, रडत मागं आला. तेव्हापासून गावानं त्याचं नाव बाळकृष्ण ठेवलं. बाजारात निघाला की कुणीतरी विचारायचंच, "काय बाळकृष्णा, आज लोणी कुणाचं चोरलंस?" गोमाजी कसनुसं हसायचा आणि खाली मान घालून चालू लागायचा.

रोज संध्याकाळी तो महाराजांचे पाय चेपायला यायचा. चैत्री पौर्णिमा जवळ आली होती. पाय चेपता चेपता तो म्हणाला, "महाराज, औंदाबी तेल दुसऱ्याच्याच हाती द्यायचं. देवीला माझं तोंड दिसायचं न्हाई."

"तू जा की," महाराज म्हणाले.

"भ्या वाटतं जी. हात टेकतो."

"मग टेक. रांगत जा. अरे, लेकरू चालायला लागलं की आईचा जीव धास्तावतो. ते रांगत येतं तेव्हाच ती हरखून दोन्ही हात पुढं करते."

जत्रेचं ठरवायला रायाजीराव देवळात आले होते. त्यांनी हे ऐकलं आणि मोठ्यानं हसले. "बुवा, तुम्ही ओवरीत बसून बोलताय. कातळधार म्हणजे ओवरी न्हवं. हात टेकणाऱ्याला धारजाई उभं करत न्हाई. आमच्या सात पिढ्या ताठ गेल्या. यंदा आमचा मानाजी घागर नेणार, तोबी ताठच जाईल." आणि गोमाजीकडे वळून म्हणाले, "तू तेल दे आन् खाली बस. धार बाटवू नगंस."

महाराज काही रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मोकाशी, देवीला चाल बघायची नसते हो. कोण येतंय ते बघायचं असतं." रायाजीरावांनी उपरणं झटकलं आणि ते निघून गेले.

मानाजी हा रायाजीरावांचा एकुलता एक. नवसासायासानं झालेला, नुकती मिसरूड फुटलेली. पौर्णिमेच्या सकाळी सगळा गाव माथ्यावर जमला. गोमाजीही तेलाची बुधली घेऊन धारेच्या तोंडापर्यंत आला आणि ती दुसऱ्याच्या हाती देऊन बाजूला बसला. महाराज मात्र गावातच थांबले. भागाईला म्हणाले, "आज मला इथंच काम आहे."

मानाजी घागर घेऊन ताठ गेला. बापाची छाती फुगली. पूजा झाली, बरोबरचे लोक परतले. देऊळ झाकून, दिव्याला वारा लागणार नाही असं बघून मागाहून यायचं, हेही मानकऱ्याचंच काम. म्हणून मानाजी एकटा मागं राहिला. तेवढ्यात पश्चिमेकडून आभाळ काळं होत आलं. वळवाचं ते, त्याला यायला वेळ लागत नाही. वारा सुटला, टपोरे थेंब पडू लागले, आणि बघता बघता ढगांनी धार झाकून टाकली.

पोरगं घाबरलं असणार. सुळक्यावर थांबायचं सोडून ते निघालं, आणि रीतीप्रमाणे उभ्यानंच निघालं. निम्मी धार ओलांडली असेल नसेल, ओल्या कातळावर पाय घसरला. ढग क्षणभर फाटला तेव्हा माथ्यावरच्या लोकांना दिसलं, की मानाजी धारेच्या कडेखाली एका अरुंद कपारीवर पडला आहे. एक पाय नको तसा वळलेला, एका हातानं कड धरलेली, आणि खाली नुसती दरी. "आबाऽ" अशी त्याची हाक आली आणि ढग पुन्हा मिटला.

रायाजीराव धावले. धारेवर चार पावलं टाकली आणि वाऱ्यानं त्यांना असं हाणलं की ते तोल जाता जाता कसेबसे मागं आले. पुन्हा गेले, पुन्हा परतले. त्या वाऱ्यात उभ्यानं जाणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. आणि हात टेकावा तर? मंडळी, इथंच मेख होती. त्या बापाला वाटत होतं, की पोरगं देवीच्या हातात लोंबकळतंय, आणि आता मी हात टेकला तर ती कोपेल आणि त्याला सोडून देईल. जन्मभर ज्या रीतीचा तोरा मिरवला, तिनंच त्याचे हात बांधून टाकले. इतक्या माणसांत रांगत जाण्याचा विचार कुणालाही सुचला नाही, कारण तो विचार करायचीच तिथं लाज होती. बाया रडू लागल्या. रायाजीराव नुसते ढगाकडे बघत उभे होते.

मागून कुणीतरी त्यांच्या उपरण्याला हात लावला. गोमाजी होता. ओठ पांढरे पडले होते.

"सरकार," तो म्हणाला, "मी हात टेकू का?"

टोमणा नव्हता तो. त्याच्या मनात टोमण्याला जागाच नव्हती. रीत मोकाशांची होती, म्हणून तो खरोखरच त्यांची परवानगी मागत होता. रायाजीरावांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या एका प्रश्नात त्यांना काय काय ऐकू आलं असेल ते त्यांनाच ठाऊक. शेवटी ते म्हणाले, "टेक रे बाबा. चारी टेक. पण माझं पोरगं आण."

गोमाजीनं धोतर खोचलं, "महाराज" म्हणाला आणि चारी पायांवर धारेत उतरला.

थोडं गेला आणि त्याला भोवळ आली. हात पुढं सरकेना, मागं सरकेना. डोळे घट्ट मिटून तो कातळाला चिकटला आणि म्हणू लागला, "महाराज, मी पडलो, महाराज, मी पडलो." तेव्हा अगदी पुढून आवाज आला, "पडलास कुठं? डोळे उघड. दरीत बघू नकोस, माझ्या तळव्यांकडे बघ."

त्यानं डोळे उघडले. हातभर अंतरावर दोन तळवे होते. रोज संध्याकाळी चेपलेले, भेगाळलेले, ओळखीचे तळवे. त्यांच्या पुढं घोंगडीचं टोक, आणि त्यापुढं नुसता ढग. महाराज त्याच्या पुढं रांगत होते. पाऊल पुढं सरके तिथला कातळ त्या धो धो पावसात कोरडा लागे, आणि गोमाजी बरोबर तिथंच हात टेकी. अहो, ज्याला गंजीवर चढवत नव्हतं तो त्या वाऱ्यात घरच्या अंगणात चालल्यासारखा गेला. भीती गेली होती का? छे, ती पुरती होती. पण नजर तळव्यांवर असल्यामुळे तिच्याकडे लक्ष द्यायला त्याला सवडच झाली नाही.

मानाजीपाशी पोचल्यावर तो धारेवर पालथा पडला, फेटा सोडला आणि खाली टाकला. पोरानं तो धरला, गोमाजीनं बगलेत हात घालून त्याला वर ओढलं. मग त्याला पाठीवर घेतलं, फेट्यानं पोटाशी बांधलं आणि सावकाश माघारी वळला. वळला तर तळवे पुन्हा पुढंच होते.

ढगातून आधी गोमाजीचं डोकं बाहेर आलं, मग पाठीवरचा मानाजी. रायाजीरावांनी पोराला छातीशी धरलं. पोरगं कण्हत होतं, पण आजूबाजूला बघत म्हणालं, "आबा, महाराज कुठं गेलं?"

"कुठले महाराज?"

"आमच्या म्होरं रांगत हुते की. आता तर हुते. त्यांनीच मला सांगितलं, गोमाजीच्या गळ्याला नीट धर म्हणून."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. धारेतून गोमाजीखेरीज कुणी बाहेर आलं नव्हतं. गोमाजी मात्र खाली बसून हुंदके देत होता.

मानाजीला घोंगडीच्या डोलीत घालून गाव खाली उतरला, तो थेट मारुतीच्या देवळात. पाऊस थांबून ऊन पडलं होतं. दारातच भागाई चिडलेली. "बरं झालं आलात. ह्यांना तुम्हीच विचारा. सकाळधरनं इथनं हालले न्हाईत, मी डोळ्यांनी बघतीय. निम्म्या दुपारपास्नं डोळे मिटून बसलेत. पाणी दिलं तर म्हणतात, हात मोकळे न्हाईत. आन् घोंगडी बघा, पिळून निघंल इतकी भिजलीय. माझ्या देवळाचं छप्पर कुठं गळत न्हाई, सांगून ठेवते."

महाराज ओवरीत बसले होते. घोंगडीतून पाणी ठिबकत होतं. दोन्ही तळहातांना काळ्या कातळाची कच रुतली होती, आणि गुडघे सोलून रक्त आलं होतं.

रायाजीराव त्या गुडघ्यांकडे बघत राहिले. मग तो एवढा मोठा माणूस धाडकन खाली बसला. त्यांनी दोन्ही हात जमिनीला टेकले आणि कपाळ महाराजांच्या पायांवर ठेवलं. "महाराज, माझ्यामुळं तुमाला रांगावं लागलं. मी लई ताठ राहिलो. मला पदरात घ्या."

महाराजांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "मोकाशी, मी रांगलो ते माझ्या माणसाच्या पुढं. त्यात मला कसला कमीपणा? पण पोर ज्यानं पाठीवर आणलं तो तिकडे खांबाआड लपलाय. त्याचे पाय अजून थरथरताहेत बघा."

गोमाजी खरंच खांबाआड उभा होता. रायाजीरावांना येताना बघून तो आणखी मागं सरला. "नगं, सरकार, असं नगं करू," म्हणाला. मागं भिंत होती, जाणार कुठं? रायाजीरावांनी साऱ्या गावादेखत त्याच्यापुढं गुडघे टेकले आणि त्याचे चिखलानं भरलेले पाय दोन्ही हातांनी धरले. पाय अजून थरथरत होते. "थांब गोमाजी," ते म्हणाले, "जरा धरू दे."

आणि ते पाय शांत होईपर्यंत रायाजीराव मोकाशांनी आपलं डोकं वर उचललं नाही.